पऱ्हाटीचे झाड

मार्गशीर्ष लागला, की उमरेडच्या परिसरातील शेतशिवाराचे रूप पालटते. धानाची कापणी उरकलेली असते आणि खळ्याजवळ तणसाचे ढीग रचलेले दिसतात. कपाशीची वेचणी चालू असते. तूर शेंगांच्या भाराने लवलेली असते. बांधावरच्या बोरी पिकू लागतात. रस्त्याकडेच्या शिरीषाची पाने झडू लागतात आणि त्याच्या वाळक्या, पिवळसर शेंगा वाऱ्याची झुळूक आली की खुळखुळ वाजतात. याच सुमारास, डिसेंबरच्या २५ तारखेस, नाताळचा सण येतो.

'नाताळ' हा शब्द आपल्या भाषेत पोर्तुगीज लोकांकडून आला. 'नाताल' म्हणजे जन्मदिवस. येशू ख्रिस्ताचा जन्म बेथलेहेम गावी एका गोठ्यात झाला आणि त्या बालकास गव्हाणीत निजविले, अशी कथा बायबलात आहे. पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांना एका ताऱ्याने तेथवर वाट दाखविली, असेही त्यात सांगितले आहे. म्हणून या सणात तारा, गोठा आणि गव्हाण यांना फार महत्त्व. नागपुरात स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली आले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय तुम्हांपैकी काहींनी पाहिले असेल. नागपूर भागातील ख्रिस्ती कुटुंबांतून नाताळ तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या साजरा होत आला आहे. गोवा आणि वसई येथील ख्रिस्ती समाज तर त्याहूनही जुना.

नाताळच्या झाडाची चाल मात्र जर्मनीतली. तिकडे हिवाळ्यात सारी सृष्टी बर्फाखाली निपचित पडते. ओक, बीच यांसारखे वृक्ष निष्पर्ण होतात. फक्त सूचिपर्णी झाडे तेवढी हिरवी राहतात. असले एखादे झाड घरात आणून लोक ते सजवीत. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मन पती आल्बर्ट हे आपल्या मुलांसह अशा झाडाभोवती उभे आहेत, असे एक चित्र १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापून आले. तेव्हापासून ही चाल इंग्लंडात आणि पुढे जगभर झपाट्याने पसरली.

त्या जुन्या झाडांवर काय टांगीत असत? सफरचंदे, अक्रोड, गव्हाच्या काडाचे तारे, घरी भाजलेली बिस्किटे. म्हणजे ज्याच्या त्याच्या कोठारात जे असे, तेच झाडावर चढे. जर्मनीतील लाउशा या गावी काच फुंकणारे कारागीर राहत. त्यांच्यापैकी एकाजवळ सफरचंदे व अक्रोड विकत घ्यावयास पैसे नव्हते, म्हणून त्याने काचेचीच फळे फुंकून झाडाला टांगली, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, नाताळच्या झाडावरचे चकाकते काचेचे गोळे त्या गावातून जगभर गेले, ही गोष्ट खरी आहे. आता दुकानांत मिळणारे गोळे बहुधा प्लॅस्टिकचे असतात. मूळच्या फळाची नक्कल काचेने केली, काचेची नक्कल प्लॅस्टिकने केली, आणि ते प्लॅस्टिक आपण पैसे देऊन घरी आणतो. मूळ फळ मात्र आपल्या बांधावरच लोंबत असते!

फिनलंडचे शेतकरी धान्याच्या पोकळ काड्या दोऱ्यात ओवून त्यांची नाजूक झुंबरे करतात. तिकडे बर्फ, इकडे ऊन. परंतु कापणीनंतर हाती उरणारे काड दोन्हीकडे सारखेच. गोव्यात नाताळापूर्वी काही दिवस आधी लहान पसरट भांड्यांत धान्य पेरून अंकुर वाढवितात आणि येशूच्या गोठ्याच्या देखाव्यात ते हिरवे कुरण म्हणून मांडतात. आपल्याकडे नवरात्रात घटाभोवती धान उगवतो, त्याची तुम्हांला आठवण होईल. अशा देखाव्याची प्रथा फार जुनी. इटलीतील ग्रेच्चो या खेड्यात संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली खरे गवत आणि खरे बैल-गाढव आणून ख्रिस्तजन्माचा प्रसंग उभा केला होता.

आता आपण आपल्या झाडाकडे वळू. सूचिपर्णी झाड उमरेडच्या रानात उगवत नाही. आणि उगवत असते तरी एका सणासाठी जिवंत झाड तोडणे बरे नव्हे. आपल्याकडे त्याहून सोयीची एक वस्तू आहे. ती म्हणजे पऱ्हाटी. कपाशीचे झाड खाली रुंद आणि वर निमुळते असते. त्याच्या बुंध्याजवळच्या फांद्या लांब, शेंड्याकडच्या आखूड. वाळल्यावर त्याचे लाकूड चांगले कडक होते. वेचणी संपलेल्या एखाद्या शेतातून, शेतमालकाची परवानगी घेऊन, तुमच्या छातीइतक्या उंचीची एक वाळलेली पऱ्हाटी उपटून आणा. फुटक्या मडक्यात किंवा तेलाच्या रिकाम्या डब्यात माती आणि दगड घट्ट ठासून ती उभी करा. हिरवे पान तिच्यावर एकही नसेल. पण फांद्यांची जाळी इतकी रेखीव असते, की जणू झाडाचे रेखाचित्रच कोणी काढून ठेवले आहे असे वाटते.

एक काळजी येथेच घेतली पाहिजे. कपाशीवर औषधांची फवारणी होते. म्हणून आणलेली पऱ्हाटी आणि बोंडे भरपूर पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवावीत. तिला हात लावल्यानंतर आपलेही हात साबणाने धुवावेत. किडकी, छिद्रे पडलेली बोंडे तर घरात आणूच नयेत. त्यांच्यात गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात बाहेर पडून नव्या पिकाचा नाश करते.

कापूस वेचल्यावर झाडावर राहिलेले रिकामे बोंड तुम्ही कधी नीट न्याहाळले आहे काय? चार किंवा पाच टणक पाकळ्या बाहेरच्या बाजूस उमललेल्या, आतून फिकट आणि गुळगुळीत, टोकाशी अणकुचीदार. हाच आपला तारा! शेतकऱ्याच्या दृष्टीने ते टाकाऊ कवच. वेचणाऱ्या बायांच्या बोटांना तर ते टोचून टोचून रक्त काढते. तीच टोके कानशीवर थोडी घासून बोथट केली, देठाला दोरा बांधला, की पऱ्हाटीच्याच फांदीवर पऱ्हाटीचाच तारा झुलू लागतो. नीट शोध घेतल्यास पाच पाकळ्यांची बोंडे सापडतात. ती शेंड्यासाठी राखून ठेवावीत.

दुसरी वस्तू सागाची. सागाचे फळ ज्याने झाडाखाली पाहिले असेल, त्याला ते आतल्या बीपेक्षा वरच्या वेष्टनामुळेच आठवत असेल. मधोमध हरभऱ्याहून थोडे मोठे, टणक, लवदार फळ. आणि त्याच्याभोवती तपकिरी रंगाचे, कागदासारखे पातळ, फुगलेले आवरण. तळहातावर ठेवले तर वजन जाणवत नाही. सायंकाळच्या तिरप्या उन्हात धरले, तर ते आकाशकंदिलासारखे उजळून निघते. काचेच्या गोळ्यांची हौस असेल त्याने सागाची वीस-पंचवीस फळे टांगून पाहावी. दाबली तर मात्र ती चुरगळतात. म्हणून त्यांना भोके न पाडता देठाशी दोऱ्याची सैल गाठ मारावी.

ऐनाचे फळही असेच मोहक. त्याला पाच पंख असतात. पण ते उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकते, नाताळात मिळत नाही. ज्याने मागच्या चैत्रात काही फळे डब्यात जपून ठेवली असतील, त्याचीच चैन! सजावटीची तयारी वर्षभर चालू शकते, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल. बाभळीच्या मण्यांच्या माळेसारख्या शेंगाही उन्हाळ्यातच वेचून ठेवाव्या लागतात.

तणसाचा तारा करणे थोडे कौशल्याचे काम आहे. धानाची काडी बारीक आणि मऊ असते. म्हणून त्यातल्या त्यात जाड, सरळ, बिनपेराचा भाग निवडावा. गेल्या वर्षीचे गव्हाचे काड कोणाकडे असेल तर अधिकच उत्तम. काड्या अर्धा तास कोमट पाण्यात भिजत घालाव्या. कोरडी काडी वाकविली की मोडते. भिजलेली काडी मोडत नाही. नंतर त्या पाटावर ठेवून तांब्याच्या बुडाने दाबून चपट्या कराव्या. वीतभर लांबीच्या चार काड्या घ्याव्या. दोन काड्या एकमेकींवर काटकोनात ठेवून अधिकचे चिन्ह करावे. दुसऱ्या दोहोंचे गुणिले चिन्ह करावे. आणि एकावर दुसरे ठेवावे. मध्यबिंदू एका हाताच्या चिमटीत घट्ट धरून, दोरा एका काडीवरून, पुढच्या काडीखालून, पुन्हा वरून, असा फिरवीत आणावा आणि ओढून गाठ मारावी. टोके कात्रीने तिरपी कापली, की आठ किरणांचा तारा तयार होतो. उन्हात वाळल्यावर तो सोन्यासारखा चमकतो. दोरा लाल घ्यावा. पिवळ्या काडीवर तो खुलून दिसतो. उमरेड हे हातमागावरील रेशीमकाठी धोतरांसाठी पूर्वीपासून नावाजलेले गाव. विणकराच्या घरी जुन्या सुताचे रंगीत तुकडे शिल्लक असतील, तर मागून घ्यावे.

ज्वारीचे धांडे मिळाले, तर मग काय विचारता! धांड्याची गाडी, चष्मा, बैल ही आपल्याकडील मुलांची कितीतरी जुनी खेळणी. आता ज्वारीचा पेरा कमी झाल्यामुळे ती दिसेनाशी झाली आहेत. पण ती कशी करावी, हे आजोबांना अजून आठवत असेल. त्यांना अवश्य विचारा. धांड्याचे एक पेर कापून त्याची चकचकीत साल लांब पट्ट्यांनी सोलून काढतात. आत पांढरे, हलके, मऊ भेंड असते. भेंडाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घेऊन त्यात सालीच्या आखूड काड्या चहूबाजूंनी खोचल्या, की तारा होतो. मोठ्या तुकड्याला लहान तुकडा जोडून मागे पंख्यासारख्या काड्या खोचल्या, की पाखरू होते. ना डिंक लागतो, ना खिळा. सालीची कड मात्र पात्यासारखी धारदार असते. सोलण्याचे काम मोठ्यांनी करावे आणि खोचण्याचे धाकट्यांकडे द्यावे.

धाकट्यांचा विषय निघाला, तर त्याबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण हा सारा उद्योग एकट्याने करावयाचा नाही. घरात चार-पाच वर्षांचा भाऊ किंवा बहीण असते. शेजारची दोन-तीन मुले असतात. नाताळच्या सुट्टीत ती तुमच्या पाठीमागे लागतातच. त्यांना बरोबर घेऊन काम करणे, हे एकट्याने दहा तारे करण्यापेक्षा अवघड आहे.

का अवघड? समजा, तुम्ही झाडावर सागाची फळे सारख्या अंतरावर टांगीत आहात. धाकटी बहीण येते आणि आपल्या हातातली पाचही फळे एकाच फांदीवर, तीही सर्वांत खालच्या फांदीवर, अडकवून मोकळी होते. फांदी वाकते. झाड एका बाजूला जड दिसू लागते. तुमचे हात शिवशिवतात. ती झोपली, की ही फळे नीट लावून टाकू, असे मनात येते. मुलांनो, ती तशीच राहू द्यावीत! सकाळी उठल्याबरोबर ती धावत त्याच फांदीकडे जाईल आणि मोजून पाहील. फळे हलविलेली दिसली, तर ती एक शब्दही बोलणार नाही कदाचित. पण पुन्हा झाडाला हात लावणार नाही. ज्या फांदीपर्यंत तिचा हात पोहोचतो, ती फांदी तिची, असा करार पहिल्याच दिवशी करून टाकावा. वरचे अर्धे झाड तुमचे आहेच.

लहान मुलांच्या हाताला काम द्यावे आणि त्यासाठी आसपासच्याच वस्तू वापराव्या, हा विचार आपल्या महाराष्ट्रात एका थोर स्त्रीने प्रत्यक्षात आणून दाखविला आहे. त्यांचे नाव ताराबाई मोडक. त्यांचा जन्म १८९२ सालचा. माँटेसरी पद्धतीच्या बालशाळांतील साधने सुबक, पण महाग असत. खेड्यातल्या शाळेला ती परवडणार कशी? ताराबाईंनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी या गावी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी शाळाच मुलांच्या वस्तीत, अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज घरोघर ठाऊक असलेला शब्द त्या कामातून रूढ झाला. तेथे बिया, पाने, काड्या, शंख-शिंपले, खडे हीच साधने असत. त्यांनीच मुले मोजावयास शिकत, रंग ओळखत, नक्षी मांडीत. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणातच शाळा भरे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण हा किताब मिळाला. १९७३ साली त्या निवर्तल्या. त्यानंतर अनुताईंनी ते काम १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरपर्यंत, चालविले.

त्या बालशाळांत जे होत असे, तेच तुमच्या ओसरीवर करता येईल. कामाची वाटणी मात्र विचारपूर्वक करावी. भोके पाडणे, सोलणे, कापणे ही कामे तुमची. चिंचोक्याला भोक पाडावयाचे तर तो आधी रात्रभर भिजवावा, ओल्या मातीच्या गोळ्यात अर्धा रोवावा आणि मगच दाभण चालवावा. म्हणजे तो निसटत नाही आणि दाभण बोटात शिरत नाही. ओवण्याचे काम धाकट्यांचे. त्यांना सुई देऊ नये. दोऱ्याच्या टोकाला खळ लावून ते वाळू दिले, की तेच सुईसारखे ताठ होते. पिकलेली बोरे आणि ज्वारीच्या लाह्या यांच्या माळांना मात्र सुई-दोराच लागतो. ते काम तुम्ही करा आणि पुढचे बोर कोणते घ्यावयाचे, हे त्यांना सांगू द्या. अमेरिकेत मक्याच्या लाह्यांच्या माळा नाताळच्या झाडावर घालतात. आपल्या लाह्या त्याहून नाजूक. माळेतली अर्धी बोरे ओवण्यापूर्वीच पोटात जातील, हे गृहीत धरूनच बोरे आणावी.

तीन वर्षांखालील मूल जवळ असेल, तर चिंचोका, सीताफळाची बी, वाटाणा अशा बारीक वस्तू त्याच्या हाती लागू देऊ नयेत. ते प्रत्येक वस्तू तोंडात घालते आणि ती घशात अडकण्याचे भय असते. त्याला शिरीषाची अख्खी शेंग वाजवावयास द्यावी. त्यातच त्याचा सण साजरा होतो. मात्र शेंग फुटू लागली, की ती काढून घ्यावी, नाहीतर आतल्या बिया बाहेर येतात.

याहून मोठे भय काही सुंदर बियांचे आहे. कुंपणावरच्या वेलीवर लालभडक आणि टोकाशी काळी गुंज दिसते. सजावटीला याहून देखणी वस्तू नाही, असे कोणालाही वाटेल. सोनार पूर्वी तिने सोने तोलीत. परंतु गुंजेच्या आत अत्यंत जहाल विष असते. अख्खे बी टणक कवचामुळे एक वेळ तसेच पोटातून निघून जाईल. पण भोक पाडलेले किंवा चावलेले बी प्राण घेऊ शकते. माळेसाठी आपण भोकच पाडतो, हे लक्षात घ्या! म्हणून गुंज सजावटीत मुळीच वापरू नये. एरंडाच्या चित्रविचित्र ठिपक्यांच्या बिया, पिवळ्या कण्हेरीचे फळ, धोतऱ्याचे काटेरी बोंड हीही विषारी आहेत. चुकून एखाद्या मुलाने यांतले काही खाल्ले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे आणि खाल्लेले बी ओळखीसाठी बरोबर न्यावे. खाजकुइलीची मखमली शेंग विषारी नव्हे. पण तिला ज्याने एकदा हात लावला, त्याला दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.

या वस्तू गोळा कोठे कराव्या? शेताचा बांध, रस्त्याची कड, शाळेचे आवार, स्वतःचे परसू, एवढे क्षेत्र पुरेसे आहे. आपल्या तालुक्याला लागून कऱ्हांडल्याचे अभयारण्य आहे. ते २०१२ साली घोषित झाले. 'जय' नावाच्या प्रचंड वाघामुळे त्याचे नाव देशभर झाले आणि २०१६ साली तो वाघ दिसेनासा झाला, हे तुम्ही घरी ऐकले असेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही नेता येत नाही. गळून पडलेले फळसुद्धा नाही. आणि वाघाच्या रानात मुलांनी फळे वेचीत हिंडू नये, हे सांगावयास कायद्याची गरज नाही. बांधावरूनही झाडाची फांदी तोडून काही घेऊ नये. खाली पडलेलेच वेचावे आणि तेही सगळे उचलू नये. खारी, मुंग्या आणि पाखरे आपल्या आधीपासून त्या झाडाखाली येत आहेत.

चिकटविण्यासाठी खळ किंवा डिंक घ्यावा. बाभळीचा अथवा धावड्याचा डिंक रात्री पाण्यात घातला, की सकाळी विरघळतो. खळीला कीड लागू नये म्हणून पुस्तके बांधणारे तीत मोरचूद घालतात. ते विष आहे. लहान मुलांच्या कामात ते नको. खळ रोज ताजी शिजवावी. रंगासाठी हळद, गेरू, काजळ आणि तांदळाचे पीठ पुरे. भेंडाचे पाखरू हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवावे आणि नंतर त्याच्या चोचीला साबणाच्या पाण्याचे बोट लावावे. पिवळी चोच पाहता पाहता तांबूस होते! असे का होते, हे विज्ञानाच्या तासाला विचारा. धाकटी मुले मात्र 'का' न विचारता सर्व पाखरांच्या चोची रंगवीत बसतील.

फांद्यांवर बर्फ हवा असेल, तर घरचा कापूस आहेच. परदेशात कापूस लावून बर्फाचा भास निर्माण करतात. आपण तो लावला तर झाडावर पुन्हा पीक आल्यासारखे दिसते, आणि मला हे अधिक आवडते. या झाडाजवळ मेणबत्ती, पणती किंवा उदबत्ती कधीही ठेवू नये. पूर्वी युरोपात झाडांवर खऱ्या मेणबत्त्या लावीत आणि त्यांमुळे कित्येक घरांना आगी लागत. आपले झाड तर वाळलेले लाकूड, तणस आणि कापूस यांचेच. दिवा लावावयाचा तर तो अंगणात, झाडापासून दूर लावावा.

उमरेडच्या मुलांना हे काम परके वाटण्याचे कारण नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपण लाकडी नंदी सजवितो, त्याला झूल चढवितो आणि घरोघर नेऊन बोजारा मागतो. तेव्हाही दादा-ताई नंदी सजवितात आणि दोरी धरण्याचा मान धाकट्याला मिळतो. ज्या घरी नाताळ आहे, तेथे पऱ्हाटीचे झाड उभे राहील. ज्या घरी नाही, त्या घरची मुले आपल्या ख्रिस्ती वर्गमित्राकडे तणसाचा एखादा तारा घेऊन जातील. तो दाराशी टांगला जाईल.

ख्रिस्ती लोकांत नाताळचा उत्सव ६ जानेवारीपर्यंत चालतो. त्या दिवशी तीन ज्ञानी पुरुषांच्या आगमनाचा सण असतो. त्यानंतर झाड उतरवावे. धानाच्या लोंब्या लावल्या असतील, तर त्या ओसरीच्या वाशाला बांधाव्या. चिमण्या आठवड्याभरात त्या मोकळ्या करतील. तणसाचे तारे कागदात गुंडाळून ठेवले, तर पुढच्या वर्षी चालतात. पऱ्हाटी मात्र परसात पडू देऊ नये. बोंडअळीच्या भीतीने ती लगेच चुलीत घालावी. सागाची फळे डब्यात भरून मृगापर्यंत ठेवावी. ती सहजासहजी रुजत नाहीत. रोपवाटिकेत ती आळीपाळीने भिजवितात आणि वाळवितात. तुम्हीही ती रात्री पाण्यात आणि दिवसा उन्हात, अशी एक-दोन आठवडे ठेवून पाहा. मग वेष्टन चोळून काढावे आणि पहिला पाऊस पडल्यावर परसात टोचावी. धाकट्या बहिणीची ती पाच फळे वेगळ्या ओळीत लावून तेथे खुणेची काठी रोवावी. कोणती फळे आपली, हे तिने विचारल्यावाचून राहणार नाही.